बिशप कुठे तोडायचा?

बी-आय, बाय. एस-एच-ओ-पी, शॉप. बाय-शॉप!

असं वाचणाऱ्या पोराला हसू नका. पुस्तकातच 'बिशप' तसा तोडून छापला होता.

अठराव्या शतकातली अमेरिका. शाळेत पुस्तक मात्र इंग्लंडच्या थॉमस डिलवर्थ मास्तरांचं. नियम जुना: दोन स्वरांमध्ये एकटं व्यंजन आलं, की ते पुढच्या स्वराला द्यायचं. म्हणून 'हॅबिट'चे तुकडे एच-ए आणि बी-आय-टी. आता इंग्रजीची खोड अशी, की तुकडा स्वरावर संपला तर तो स्वर बहुधा लांबतो. मागे व्यंजनाची कडी लागली तर आखूड राहतो. एच-ए दिसलं की पोर 'हे' म्हणणार. एच-ए-बी दिसलं तर 'हॅब'. एक 'बी' इकडचा तिकडे झाला, आणि उच्चार पार बदलला.

नोआ वेब्स्टर या तरुण शिक्षकाला हे खटकलं. १७८३ मध्ये हार्टफर्डला त्याचं स्पेलिंगचं पुस्तक निघालं. त्याचं म्हणणं साधं: कानाला तुटतं तिथे तोडा. हॅब-इट. बिश-अप. क्लस-टर.

जरा थांबू या. 'क्लस्टर' आपण कसं लिहितो? क्ल, स्ट, र. 'स' सरळ 'ट'ला चिकटवतो, डिलवर्थच्या 'क्लू-स्टर'सारखा. 'पुस्तक'ही लिहिताना पु-स्त-क, बोलताना पुस्-तक. म्हणजे आपला हात डिलवर्थचा आणि जीभ वेब्स्टरची! वृत्तं शिकवणाऱ्यांना हे केव्हाच ठाऊक होतं. जोडाक्षराआधीचं अक्षर गुरू का? त्यातल्या पहिल्या व्यंजनाचा भार मागे पडतो म्हणून.

दोनशे वर्षांनी, १९८३ मध्ये, स्टॅनफर्ड विद्यापीठात फ्रँक लियांग यांनी ही तोडणी संगणकाला शिकवली. ओळीच्या शेवटी शब्द कुठे मोडावा, कुठे मोडू नये, याचे ४,४४७ अक्षरनमुने त्यांनी काढले. तेही वेब्स्टरचंच नाव मिरवणाऱ्या एका छोट्या शब्दकोशावरून. डोनाल्ड क्नूथ यांच्या 'टेक' या अक्षरजुळणीच्या प्रणालीत ते आजही वापरले जातात.

एवढं करूनही 'प्रेझेंट' अडून बसला. भेटवस्तू म्हणून म्हटला तर 'एस' पहिल्या तुकड्यात. सादर करणे या अर्थी म्हटला तर दुसऱ्या. अक्षरं तीच, जोर फक्त वेगळ्या जागी. आणि संगणकाला दिसतात ती नुसती अक्षरं. मग त्याला चौदा अपवादांची यादी देण्यात आली. तिच्यात 'प्रेझेंट' आहे, 'प्रोजेक्ट' आहे, दोन्ही अखंड. ओळीत जागा संपली तरी ते मोडायचे नाहीत.