आधी बोट, मग यंत्र

नमस्कार, श्रोतेहो. आजचा विषय बायकामुलांसमोर कुणी काढत नाही, म्हणून रेडिओवरून काढतो: प्रोस्टेटचा कॅन्सर.

इंदूरच्या डॉक्टरांना याचे दोन टोकांचे पेशंट भेटतात. एक आपले रामबागेतले पंचाहत्तरीचे काका. मुलाने हौसेने ‘फुल बॉडी चेकअप’ करून दिलं, त्यात पीएसए नावाच्या प्रोस्टेटच्या रक्ततपासणीचा आकडा पाच आला आणि घराची झोप उडाली. दुसरा सेंधव्याकडून एम. वाय. या इंदूरच्या सरकारी हॉस्पिटलात आलेला शेतकरी. वर्षभर कंबर दुखते, गावात इंजेक्शनं घेऊन झाली आणि आता कॅन्सर हाडांत पोचलाय. इथे येईपर्यंत त्याचं पीएसए कधी कुणी केलेलंच नव्हतं.

प्रोस्टेट ही मूत्राशयाखालची, लघवीच्या मार्गाभोवतीची ग्रंथी. तरुणपणी अक्रोडाएवढी. वयाबरोबर ती वाढते ती आतल्या बाजूने. मग मार्ग आवळतो, धार बारीक होते, रात्री तीन-चारदा उठावं लागतं. ही झाली साधी वाढ. कॅन्सर बहुधा गुदाशयाला लागून असलेल्या बाहेरच्या भागात सुरू होतो आणि बराच काळ काहीच त्रास देत नाही. म्हणून लघवी साफ होते एवढ्यावर निर्धास्त राहू नका, आणि होत नाही म्हणून लगेच कॅन्सर धरून बसू नका.

मात्र तो तिथे असतो म्हणूनच बोटाला लागू शकतो. हातमोजा, थोडी जेली, मिनिटभराचं काम. शौचाच्या जागेतून बोट घालून प्रोस्टेट कडक आहे का, गाठ लागते का, हे डॉक्टर बघतात. खर्च जवळपास शून्य. पेशंट लाजतो हे समजू शकतो. डॉक्टरच टाळतात आणि थेट सोनोग्राफी लिहून देतात, हे मला मुळीच पटत नाही.

पीएसए ही रक्ताची तपासणी. चारच्या वर आकडा गेला की लोक घाबरतात, पण साध्या वाढीने, लघवीतल्या संसर्गाने, लघवी तुंबून नळी घातल्यानेही तो चढतो. संसर्ग असेल तर तो बरा करून सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा करावी. उलटही घडतं. प्रोस्टेटच्या साध्या वाढीवरची फिनास्टराइड किंवा ड्युटास्टराइडची गोळी सहा महिने चालू असेल तर आकडा साधारण निम्मा दिसतो. तीन आला तर सहा समजायचा. तेव्हा जाताना गोळ्यांची पाकिटं बरोबर न्या. आणि वडिलांना किंवा भावाला हा आजार झाला असेल तर पंचेचाळिशीतच डॉक्टरांशी बोला.

संशय राहिला तर सोनोग्राफीत बघत सुईने दहा-बारा तुकडे काढतात. ‘तुकडा काढला की पसरतो’ असं पारावर सांगतात, त्यात तथ्य नाही. तुकड्यांवरून ग्लीसन स्कोअर, म्हणजे कॅन्सर किती जोरकस आहे याचा आकडा ठरतो, सहा ते दहा. सहा असेल, तर पुष्कळदा ऑपरेशन न करता नियमित तपासण्यांवर लक्ष ठेवून चालतं.

आता त्या शेतकऱ्याकडे येऊ. पीएसए शंभरावर, बोटाला कडक गाठ, साध्या एक्स-रेत मणक्यांवर पांढरे डाग. एवढं दिसल्यावर कॅन्सर अंगात कुठे कुठे पसरलाय हे दाखवणाऱ्या महागड्या पेट स्कॅनसाठी जमीन गहाण टाकायला लावणं मला मान्य नाही, कारण सुरुवातीचा उपचार त्याने क्वचितच बदलतो. पुरुषी हार्मोन बंद केलं की हा आजार मागे हटतो, हे चार्ल्स हगिन्स यांनी 1941 मध्येच दाखवलं; 1966 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. त्यासाठी अंडकोष काढण्याचं छोटं ऑपरेशन आजही सर्वांत स्वस्त पडतं. इंजेक्शनंही आहेत, पण ती चुकवून चालत नाही, आणि दर वेळी गावाहून यायचं म्हणजे बसभाडं, बुडालेली मजुरी हेही आलंच. आयुष्मान कार्ड असेल तर पहिल्याच दिवशी दाखवा. कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचं संरक्षण असतं.

एका प्रसंगी मात्र महागड्या यंत्राला पर्याय नाही. अशा पेशंटचे पाय अचानक लटपटू लागले, बधिर झाले, लघवी अडली, तर मणक्यातल्या मज्जारज्जूवर दाब आला असू शकतो. तेव्हा सोमवारच्या ओपीडीची वाट बघू नका. रात्र असली तरी गाडी करून मोठ्या हॉस्पिटलात न्या आणि एमआरआय त्याच दिवशी करायला सांगा.