ज्योत स्पष्ट, आजी पुसट

(दादरमधल्या एका ग्रंथालयाच्या सभागृहात, नव्यानेच कॅमेरा हाती घेतलेल्यांसाठी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन.)

नमस्कार. ज्यांनी कॅमेरे आणलेत त्यांनी ते पिशवीतून काढून मांडीवर ठेवा. मधे मधे लागणार आहेत.

पडद्यावर दिसतोय तो फोटो माझ्या आजीच्या पंचाहत्तरीचा आहे. गिरगावातल्या चाळीतली आमची खोली. आई तिला औक्षण करतेय. ताम्हनातलं निरांजन बघा. ज्योत, तुपात भिजलेली वात, शेजारची सुपारी, अंगठी, अक्षतांचे दाणे, सगळं लख्ख आलंय. आता आजीकडे बघा. तिच्या चेहऱ्यावर धुकं उतरल्यासारखं वाटतं. ती हसतेय एवढं कळतं, डोळे दिसत नाहीत. कॅमेरा नवा होता आणि सगळं ऑटोवर होतं. हिरवा चौकोन उमटला, बीप वाजलं, मी बटण दाबलं. चौकोन कशावर उमटला ते मी पाहिलंच नाही. पुढच्या वर्षी आजी गेली. औक्षण करून घेतानाचा तिचा हा एकच फोटो माझ्याकडे आहे.

कॅमेरा बिघडलेला नव्हता. फोकसची जागा त्याच्यावर सोपवली की बहुतेक कॅमेरे समोरची सगळ्यात जवळची आणि ठळक कडा असलेली वस्तू धरतात. निरांजन जवळ होतं आणि ठळकही होतं. पंचाहत्तरी कुणाची हे त्याला कुठून कळणार? ते मला ठाऊक होतं, आणि सांगायचं मीच राहून गेले. म्हणून आज मी एवढंच सांगायला आले आहे की कुठे उभं राहायचं, किती झूम करायचं आणि फोकस कशावर ठेवायचा, हे तिन्ही निर्णय तुमचे आहेत आणि ते याच क्रमाने घ्यायचे आहेत.

झूम म्हणजे काय, असं विचारलं की नेहमी एकच उत्तर येतं : लांबचं जवळ आणणं. दिसतं तसं खरं. पण कॅमेरा जागचा हललेला नसतो, बदलतो तो लेन्सचा कोन. लेन्सवर २४, ५०, २०० असे मिलिमीटरचे आकडे असतात ना, तो तिचा फोकल लेंग्थ. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर, म्हणजे ज्याचा चित्र टिपणारा सेन्सर जुन्या फिल्मच्या चौकटीएवढा असतो त्याच्यावर, २४ मिलिमीटरला आडवा कोन साधारण ७४ अंशांचा मिळतो, ५०ला ४०, आणि २००ला जेमतेम १०. चाळीच्या गॅलरीत उभं राहून अख्खं अंगण बघणं आणि तिथूनच समोरच्या बिऱ्हाडाच्या दारातली रांगोळी तेवढी निरखणं, इतका हा फरक आहे.

मग जवळ जाऊन काढलेला फोटो आणि लांबून झूम करून काढलेला फोटो सारखाच येईल का? नाही येणार. इथे मी जरा थांबणार आहे, कारण सगळ्यात जास्त फोटो इथे बिघडलेले मी पाहते. माणसाचं नाक कानांच्या पुढे साधारण १२ सेंटीमीटर असतं असं धरा. तुम्ही वाइड, म्हणजे रुंद कोनाची लेन्स लावून इतके जवळ गेलात की कान तुमच्यापासून ५० सेंटीमीटरवर आणि नाक ३८वर आलं. कानांच्या मानाने नाक तीस टक्क्यांहून जास्त मोठं उमटतं. आता मागे अडीच मीटरवर जा आणि झूम करून चेहरा तेवढाच मोठा भरा. तोच फरक पाच टक्क्यांवर येतो. माणूस तोच, चेहरा तेवढाच मोठा, आणि आता तो स्वतःसारखा दिसतो. ही करामत अंतराची आहे. झूमने फक्त चौकट भरली. खोली लहान असेल तर दारात जा, गॅलरीत जा, पण घरच्यांचे चेहरे वाइडने नाकाशी जाऊन काढू नका.

हाच नियम उलट्या बाजूने शिवडीच्या खाडीकाठी दिसतो. तुमच्यातले काहीजण रोहित पक्षी बघायला तिकडे जाणार आहेत असं मघाशी कळलं. जरूर जा. लांबून ३०० मिलिमीटरने फोटो घेतलात की पक्ष्यांमागचा अटल सेतू त्यांच्या पाठीला टेकल्यासारखा येतो. पूल पक्ष्यांकडे सरकलेला नाही. तुम्ही दोघांपासून इतके दूर आहात की त्या दोघांमधलं अंतर त्या मानाने किरकोळ झालं. हे वापरता येतं : दोन पावलं डावीकडे सरकून पुलाचा खांब नेमका पक्ष्याच्या डोक्यातून उगवणार नाही असं बघता येतं. लेन्स फिरवून ते कधीच जमणार नाही, पावलंच टाकावी लागतात.

शिवडीचा विषय निघालाच आहे तर सांगून टाकते. पूर्ण ओहोटीला पक्षी दूर चिखलात असतात, पूर्ण भरतीला चिखलच पाण्याखाली जातो आणि ते उठून जातात. पाणी चढत असतानाचा मधला वेळ धरा, ते हळूहळू काठाकडे ढकलले जातात. म्हणजे तुमचा निम्मा झूम समुद्रच करून देतो. खाडी पूर्वेला असल्याने सकाळी ऊन तोंडावर येतं, दुपारनंतर ते पाठीशी असतं. आणि दुपारी तापलेल्या चिखलावरची हवा थरथरत असते. तिच्यातून शंभर-दोनशे मीटरवरचा पक्षी कितीही महागड्या लेन्सने टिपा, पिसं विरघळल्यासारखीच येणार. तो दोष फोकसचा नाही. उन्हं कलल्यावर परत घ्या.

आता मांडीवरचा कॅमेरा उचला आणि लेन्सच्या पुढच्या कडेला काय छापलंय ते वाचा. बऱ्याच जणांकडे १८–५५ आणि ३.५–५.६ असं असेल. पहिला आकडा झूमचा. दुसरा ॲपर्चरचा, म्हणजे लेन्स किती उघडते त्याचा. आकडा जितका लहान तितकी ती जास्त उघडते. तो सांगतो की १८ला लेन्स ३.५पर्यंत उघडते आणि ५५ला फक्त ५.६पर्यंत. म्हणजे पूर्ण झूम केल्यावर आत येणारा उजेड निम्म्याहूनही कमी होतो. हॉलमधल्या लग्नात झूम केलं की फोटो काळवंडतात किंवा हलतात, त्याचं एक कारण हे. दुसरं कारण तुमचा हात. झूमबरोबर हाताची थरथरही तेवढीच मोठी होते. जुना हिशेब असा की शटरचा वेग निदान फोकल लेंग्थइतका हवा : २०० मिलिमीटरला सेकंदाचा दोनशेवा भाग, ३००ला तीनशेवा. फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर त्याची दीडपट धरा, म्हणजे ३००ला जवळपास पाचशेवा. लेन्समध्ये थरथर सावरणारी सोय असेल तर हिशेबात सूट मिळते, पण ती तुमच्या हातापुरतीच. उडणारा पक्षी किंवा लेझीम खेळणारी मुलगी ती थांबवू शकत नाही.

डिजिटल झूम मेन्यूत जाऊन बंद करा. त्यात लेन्स काही करत नाही, चित्राचा मधला तुकडा कापून ताणला जातो. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यावर दुप्पट डिजिटल झूम केलात की खरे ६ मेगापिक्सेल हातात उरतात, चौपट केलात की दीड. कापायचंच असेल तर घरी स्वस्थ बसून कापा. मोबाइलचंही तेच. मागे दोन-तीन लेन्स असतात, त्यांच्या आकड्यांवर बोट ठेवलंत तर खरा झूम मिळतो. चिमटीने ओढलंत की बहुतेक वेळा कापाकापी सुरू होते.

यानंतरची पायरी लक्षात ठेवाच. आधी झूम, मग फोकस. फोकस करून मग झूमची कडी फिरवली, तर फोटोच्या बहुतेक आजच्या लेन्समध्ये फोकस थोडा सरकतो. व्ह्यूफाइंडरमध्ये, म्हणजे डोळा लावतो त्या खिडकीत, ते कळतही नाही, घरी मोठ्या पडद्यावर कळतं. चौकट ठरली की बटण सोडा आणि परत अर्धं दाबा, अर्ध्या दाबावर कॅमेरा फोकस करतो.

फोकसकडे येते. माझे वडील फिल्मचा कॅमेरा वापरत. त्याच्या व्ह्यूफाइंडरच्या मधोमध एक छोटा गोल होता. फोकस चुकलेला असला की त्या गोलात माणसाचे दोन तुकडे दिसत, वरचा एकीकडे सरकलेला, खालचा दुसरीकडे. कडी फिरवत ते तुकडे जुळवायचे, जुळले की फोटो. पुढे ते काम कॅमेरा स्वतः करू लागला. ऑटोफोकसचा कॅमेरा बाजारात पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर आला तो १९७७ साली, कोनिकाचा, आणि लेन्स बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यांत ही सोय खऱ्या अर्थाने रुळली ती १९८५च्या मिनोल्टा ७०००पासून. आजचा फेज डिटेक्शन ऑटोफोकस मुळात वडिलांच्या त्या गोलासारखाच आहे. लेन्सच्या दोन बाजूंनी आलेला उजेड तो ताडून बघतो, आणि किती व कुठल्या दिशेला सरकायचं ते त्याला लगेच कळतं. दुसरी पद्धत कॉन्ट्रास्टची. तिला दिशा कळत नाही, म्हणून लेन्स पुढे जाते, मागे येते, कडा सगळ्यात ठळक कधी दिसते ते शोधते. अंधारात लेन्स घरघर करत भटकते ती यामुळे.

दोघींनाही कडा लागते. पांढऱ्या भिंतीवर, मोकळ्या आभाळावर, एकरंगी शर्टावर त्यांना धरायला काही सापडत नाही. तेव्हा तुम्ही कडा शोधून द्या. चश्म्याची फ्रेम, कुंकवाची किनार, पैठणीचा काठ. एकच अट : ती कडा चेहऱ्याइतक्याच अंतरावर हवी.

ही अट किती कडक आहे ते सांगते. ८५ मिलिमीटरची लेन्स, १.८ ॲपर्चर, माणूस दीड मीटरवर. फुल फ्रेमवर स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम साडेतीन सेंटीमीटर जाडीचा असतो. डोळा त्यात बसवला तर नाकाचं टोक बाहेर राहतं. औक्षणात ताम्हन आणि चेहरा यांत हातभर अंतर असतं, तिथे दोन्ही लख्ख येणं कठीणच. ॲपर्चर ८पर्यंत बंद केलं तर पट्टा बराच रुंदावतो, पण उजेड तितका लागतो. म्हणून निवडावंच लागतं. मेन्यूत फोकस एरिया असतो, तिथे सिंगल पॉइंट घ्या. एक छोटा चौकोन मिळेल, तो बाणांच्या बटणांनी डोळ्यावर न्या. कॅमेरा नवा असेल आणि डोळा ओळखण्याची सोय असेल तर ती अवश्य वापरा, फार चांगलं काम करते. फक्त गर्दीत ती कुणाचा डोळा धरतेय इकडे नजर ठेवा. लालबागला मी ती लावली की हटकून पुढच्या रांगेतल्या अनोळखी माणसाचा डोळा धरला जातो, माझी मैत्रीण मागेच राहते.

माणूस स्थिर असेल तर सिंगल फोकस. हलत असेल तर कंटिन्युअस, म्हणजे बटण अर्धं दाबून धरलंय तोवर कॅमेरा पाठलाग करत राहतो. शिवाजी पार्कवर गोलंदाज धावत येताना तो लावा. फलंदाज बाद होताना हवा असेल तर मात्र मी पाठलागाच्या भानगडीत पडत नाही. यष्टींवर फोकस करते, लेन्सवरचं बटण ऑटोवरून मॅन्युअलवर सरकवते, म्हणजे तो तिथेच खिळून राहतो, आणि वाट बघते. यष्टी काही पळून जात नाहीत.

मघाशी पहिल्या रांगेतल्या ताईंनी विचारलं की व्ह्यूफाइंडरमधून सगळंच पुसट दिसतं, मग फोकस झाला की नाही कळणार कसं? ताई, कॅमेरा जरा इकडे द्या. डोळा लावतो त्या खिडकीशेजारी ही बारीक चकती आहे ना, ती चश्म्याच्या नंबरासाठी असते. पिशवीत घासून ती फिरते. आतल्या आकड्यांकडे बघत फिरवा, आकडे कोरीव दिसेपर्यंत. आलं का? बघा. फोटो पहिल्यापासून बरोबरच येत असणार, तुम्हाला फक्त दिसत नव्हते. कॅमेरा दुसऱ्याच्या हातून परत आला की ही चकती आधी बघत जा.

आता घरी करायचं काम. तुमच्यापैकी बहुतेकांच्या खिडकीला ग्रिल असेल, किंवा कबुतरांसाठी लावलेली जाळी. खोलीत दोन मीटर आत उभे राहा, झूम ५५वर न्या आणि फोकस कॅमेऱ्यावर सोडा. तो जाळी धरेल, समोरची इमारत पुसट होईल. मग सिंगल पॉइंट घ्या, चौकोन जाळीच्या एका भोकातून समोरच्या गॅलरीतल्या वाळत टाकलेल्या कपड्यांवर न्या. बारीक जाळीत कॅमेरा तरीही हट्टाने जाळीच धरेल. तेव्हा मॅन्युअलवर जाऊन कडी हाताने फिरवा, दोरीवरचे चिमटे मोजता येईपर्यंत. शेवटी जाळीला लेन्स जवळजवळ टेकवा, ॲपर्चर लेन्स उघडेल तेवढं उघडा आणि तोच फोटो परत घ्या. जाळी जवळपास नाहीशी होते. ती जागेवरच असते, पण फोकसपासून इतकी दूर जाते की तिचे धागे विरून जातात. लोकलच्या खिडकीच्या गजांतून फोटो घेतानाही हेच करायचं, फक्त कॅमेऱ्याचा पट्टा मनगटाला गुंडाळलेला असू द्या आणि लेन्स गजांच्या आतच ठेवा.

हे चारही फोटो पुढच्या रविवारी घेऊन या. आणि घरात कुणाचा वाढदिवस असेल तर औक्षणाचाही आणा. आपण चौकोन कशावर होता तेवढंच बघू.