सतरा शब्दांचं आवताण

हिब्रूत मोजून 17 शब्द. दोनच वचनं. बायबलमधला हा सगळ्यांत छोटा अध्याय, स्तोत्र 117. पण हाक मात्र अख्ख्या जगाला: सर्व राष्ट्रांनो, परमेश्वराचं स्तवन करा!

'सर्व राष्ट्रं' म्हणजे हिब्रूत 'कोल गोयीम'. हे दोन शब्द कानात राहू द्या.

वल्हांडणाची रात्र. मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या, गुलामीतून सुटल्याची आठवण. यहुदी घरांत या रात्री 113 ते 118 ही स्तोत्रं म्हणतात. पहिली दोन जेवणाआधी, उरलेली जेवणानंतर. 117 संपतं, 118 सुरू होतं आणि दहाव्या वचनात तेच शब्द पुन्हा कानावर येतात. कोल गोयीम. सर्व राष्ट्रांनी मला वेढलं. पुढे तर म्हटलंय, मधमाश्यांसारखं वेढलं.

म्हणजे मघाशी स्तवनाला बोलावलं ते कुणाला? ज्यांनी वेढा घातला, त्यांनाच. हे स्तोत्र मला इथे भिडतं.

आणि स्तवन कशासाठी? तर देवाची दया 'आमच्यावर' प्रबळ झाली म्हणून. 'प्रबळ होणं' यासाठी इथे जे क्रियापद आहे, तेच नोहाच्या गोष्टीत जलप्रलयाच्या चढत्या पाण्यासाठी येतं. दया अशी, पुरासारखी चढलेली. पण ती इस्राएलवर, म्हणजे यहुदी लोकांवर. मग त्यासाठी परक्यांनी का गावं?

इसवी सन 57च्या सुमारास येशूचा प्रेषित पौल याने रोमच्या ख्रिस्ती मंडळीला पत्र लिहिलं. तिथे यहुदी आणि यहुदीतर एकत्र भजत होते, पण काय खावं, कुठला दिवस पाळावा, यावरून कुरबुरी होत्या. एकमेकांना जवळ करा, असं सांगताना पौलाने याच स्तोत्राची पहिली ओळ पुढे ठेवली. त्याच्या लेखी ते 'आमच्यावर' आता सगळ्यांचं झालं होतं.

आता कोकणात या. इथल्या बेने इस्रायल या यहुदी समाजाला गावं 'शनिवार तेली' म्हणत. शनिवार हा यहुद्यांचा विश्रांतीचा दिवस, म्हणून त्या दिवशी यांचा तेलाचा घाणा बंद. या समाजासाठी 1874 साली पुण्यात वल्हांडणाचं पुस्तक, हागादा, छापलं गेलं. हिब्रू मजकूर, सोबत मराठी अनुवाद. त्यातलं एक चित्र नीट पाहा: जमिनीवर बसून बायका सणाची बेखमीर भाकरी करताहेत. अंगावर साड्या.

याच पुस्तकातून त्या रात्री घरोघरी हाक दिली जायची: कोल गोयीम, सर्व राष्ट्रांनो.