अर्धी भाकरी उरली त्या दिवशी

नमस्कार मंडळी. शहापूरच्या एक काकू बरीच वर्षं माझ्याकडे मधुमेहासाठी येतात. वजन ९२ किलो. दर वेळी मान खाली घालून म्हणायच्या, "डॉक्टर, तोंडावर ताबाच नाही बघा माझा." घरातले तेच म्हणायचे, आणि खरं सांगते, कमी खा असं सांगून मीही त्यांना तेच ऐकवत होते. गेल्या वर्षी त्यांना आठवड्यातून एकदा घ्यायचं सेमाग्लुटाइडचं इंजेक्शन सुरू केलं. पुढच्या खेपेला आल्या आणि म्हणाल्या, "काल ताटात अर्धी भाकरी उरली. मन तिकडं गेलंच नाही ओ." एवढं बोलून त्या रडायला लागल्या.

ती भाकरी उरली कशी, ते सांगते. आपण जेवलो की आतड्यातल्या काही पेशी जीएलपी-१ नावाचं संप्रेरक रक्तात सोडतात. साखर वाढलेली असली की ते स्वादुपिंडाकडून इन्सुलिन सोडवून घेतं, जठराला सावकाश रिकामं व्हायला लावतं आणि मेंदूला कळवतं, पोट भरलं. पण हा निरोप जेमतेम दोन मिनिटं टिकतो, कारण डीपीपी-४ नावाचं विकर (एन्झाइम) त्याचे लगेच तुकडे करतं.

यावर तोडगा निघाला तो अमेरिकेतल्या वाळवंटी सरड्याच्या विषात. गिला मॉन्स्टर त्याचं नाव. अमेरिकी संशोधक जॉन एंग यांना १९९२ च्या सुमारास त्या विषात जीएलपी-१ शी मिळतंजुळतं द्रव्य सापडलं, आणि त्या विकराला ते सहजी तुटत नव्हतं. त्यावरून बनलेलं एक्सेनाटाइड २००५ मध्ये मधुमेहाचं औषध म्हणून आलं. ते दिवसातून दोनदा टोचावं लागे. काकूंचं सेमाग्लुटाइडही जीएलपी-१ सारखंच काम करतं, पण त्याचं तसं नाही. आठवडा उलटला तरी ते शरीरात निम्मं शिल्लक असतं. मोठ्या चाचणीत, आहार-व्यायामाच्या जोडीनं, ६८ आठवड्यांत लोकांचं वजन सरासरी १५ टक्क्यांच्या आसपास उतरलं. तुलनेसाठी औषध नसलेली नुसती सुई टोचलेल्यांचं अडीच टक्केही नाही. टर्झेपटाइड हे त्यानंतरचं औषध जीएलपी-१ सोबत जीआयपी या दुसऱ्या संप्रेरकाचंही काम करतं. ते मार्च २०२५ मध्ये भारतात आलं.

तेव्हापासून टिळकवाडीपासून खानापूरपर्यंतची माणसं विचारतात, "लग्नाला दोन महिने आहेत, ते इंजेक्शनचं पेन लिहून द्या की." मी देत नाही. कुणी शेजारणीचं उरलेलं पेन टोचून घेतं, त्याची तर मला फार भीती वाटते. हे औषध अगदी लहान डोसनं सुरू करून महिन्या-महिन्यानं वाढवायचं असतं, नाहीतर उलट्यांनी माणूस आडवा होतो. मळमळ आणि बद्धकोष्ठता बऱ्याच जणांना होते, काहींना पित्ताचे खडे होतात, क्वचित स्वादुपिंडाला सूज येते. घरात कुणाला मेड्युलरी थायरॉइड कॅन्सर (थायरॉइड ग्रंथीचा एक दुर्मिळ कॅन्सर) झाला असेल, किंवा बाळाचा विचार चालू असेल, तर हे घ्यायचं नाही. ऑपरेशन ठरलं असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधी सांगा, कारण उपाशी राहूनही पोटात अन्न असू शकतं.

आणि औषध थांबलं की भूक परतते. सेमाग्लुटाइडच्या त्याच चाचणीतल्या ज्यांच्यावर पुढं लक्ष ठेवलं, त्यांचं उतरलेल्यातलं दोन तृतीयांश वजन वर्षभरात परत आलं. ब्लडप्रेशरची गोळी सोडली की प्रेशर चढतं, तेव्हा आपण रोग्याला आळशी म्हणतो का?

चरबीबरोबर थोडे स्नायूही जातात. म्हणून काकूंना सांगितलंय, भूक थोडीच आहे, तर आधी उसळ, डाळ, अंडं, भात मागाहून. आता वजन ८१ आहे. परवा तपासणीच्या खुर्चीवरून त्या हात न टेकता उठल्या, आणि "थांबा, परत बघा" म्हणून पुन्हा बसून उठल्या.