क्ष म्हणजे आंबा नव्हे

(गणिताचे शिक्षक आणि पालक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय 'बहुपदी आणि दशमान पद्धत'. बहुपदी म्हणजे ३क्ष² + २क्ष + ५ असली राशी. तो मी सांगणारच आहे. पण त्याच्या वाटेत फळांची एक टोपली आडवी आलेली आहे, ती आधी बाजूला करू. आणि हो, हल्लीच्या पुस्तकांत एक्स असतो. मी क्ष म्हणेन, जिभेवर तोच बसलाय.

सजातीय पदं, म्हणजे ३क्ष आणि २क्ष यांसारखी एकाच अक्षराची, एकाच घाताची पदं, शिकवायची वेळ आली की फळ्यावर काय येतं, हे इथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तीन आंबे अधिक दोन आंबे, पाच आंबे. तीन आंबे अधिक दोन केळी? बेरीज होत नाही, जात वेगळी! मुलं माना डोलावतात, तास संपतो. माझं म्हणणं असं की तेवढ्या वेळात जे नुकसान होतं, ते दहावीपर्यंत निस्तरत बसावं लागतं.

आमच्या शाळेत एक मुलगी होती. चुणचुणीत, अक्षर मोत्यासारखं. तिनं वहीत लिहिलं, ३क्ष + २य = ५क्षय. मी विचारलं, हे कसं गं? म्हणाली, "सर, तीन आंबे आणि दोन केळी, मिळून पाच आंबे-केळी." तुम्ही हसताय, पण टोपलीच्या हिशेबानं तिचं उत्तर चोख आहे. फळवालाही पाच नगच मोजेल. क्ष म्हणजे आंबा आणि य म्हणजे केळं हे आपणच सांगितलं. तिनं ते इमानदारीनं शेजारी-शेजारी ठेवले. त्या दोघांमध्ये गुणाकाराचं चिन्ह दडलेलं आहे, हे टोपलीत दिसणार कसं?

मी म्हटलं, ताळा करून बघ. क्षला एक किंमत दे, यला एक किंमत दे. तिनं दोन्हीकडे १ घेतला. मुलं १च घेतात, सोपा पडतो. डावीकडे ३ + २, पाच. उजवीकडे ५ × १ × १, पाच. "आलं की, सर!" आणि खरंच आलं होतं. ही १ किंमत सगळ्यांचे अपराध पोटात घालते. क्ष, क्ष², क्षय, सगळे तिथे सारखेच. म्हणून शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे, ताळ्यासाठी १ घेऊ देऊ नका. शून्यही नको.

मग तिला सांगितलं, क्ष २ घे आणि य ३ घे. डावीकडे ६ + ६, बारा. उजवीकडे ५ × २ × ३, तीस. ती बराच वेळ वहीकडे बघत राहिली आणि मग तिनं विचारलं, "सर, पण आंबा दोन कसा असेल?"

या प्रश्नासाठी मी आज इथे उभा आहे. तिचं बेरजेत काही अडलेलंच नव्हतं. क्ष ही संख्या आहे, ही मूळ गोष्टच तिच्यापर्यंत पोचली नव्हती. क्ष ही आंब्याची किंमत असेल, वजन असेल, पेटीतले नग असतील. आंबा कधीच नसेल. आंबा ४० रुपयांना आणि केळं ५ रुपयांना असेल तर तीन आंबे, दोन केळी यांचे १३० रुपये होतात. झाली की नाही बेरीज? मग 'विजातीय पदांची बेरीज होत नाही' असं मुलांच्या कानी का घालायचं? ३क्ष + २य ही बेरीजच आहे. ती याहून आटोपशीर लिहिता येत नाही, एवढंच.

एका प्रशिक्षणवर्गात मी हे बोललो. मार्गदर्शक म्हणाले, मुलांना मूर्ताकडून अमूर्ताकडे न्यायचं असतं. मी विचारलं, मग आंबा गुणिले आंबा किती? क्ष² शिकवताना टोपलीतून काय काढणार? सभागृह हसलं आणि चहाची सुट्टी जाहीर झाली. चहा चांगला होता, पण उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

हे मी इतकं मनाला का लावून घेतो? कारण ही सवय मोठेपणीही सुटत नाही. अमेरिकेत जॉन क्लेमेंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या सुमारास अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना एक साधं वाक्य दिलं: या विद्यापीठात प्राध्यापकांच्या सहापट विद्यार्थी आहेत, समीकरण मांडा. तिसऱ्या हिश्श्याहून जास्त मुलं चुकली. बहुतेकांनी लिहिलं, ६वि = प्रा. सहा विद्यार्थी, एक प्राध्यापक, असं चित्रच उतरवलं. वि ही विद्यार्थ्यांची संख्या आहे हे धरलं असतं तर वि = ६प्रा आलं असतं.

मग ३क्ष आणि २क्ष एकत्र का येतात? वितरणाच्या नियमामुळे. ३क्ष + २क्ष = (३ + २)क्ष. क्ष काहीही असो, कंसात पाचच राहतो. आता ३क्ष + २क्ष² घ्या. क्ष बाहेर काढला की कंसात ३ + २क्ष उरतं. क्ष १ असेल तर ते ५, २ असेल तर ७, १० असेल तर २३. एका जागी स्थिर राहील असा सहगुणकच, म्हणजे अक्षराला गुणणारी संख्याच, मिळत नाही, म्हणून ती पदं वेगळी ठेवायची. फळ्यावर एवढं लिहायला कितीसा वेळ लागतो?

कुणी म्हणेल, जातीची भाषा तर भास्कराचार्यांचीच आहे. खरं आहे. 'बीजगणिता'त ते सांगतात, "योगोऽन्तरं तेषु समानजात्योर्विभिन्नजात्योश्च पृथक् स्थितिश्च". म्हणजे बेरीज-वजाबाकी समान जातींची, भिन्न जातींची पदं वेगळी ठेवायची. पण त्याच्या आधीच्याच ओळींत त्यांनी स्पष्ट केलंय की यावत्तावत्, कालक, नीलक ही अव्यक्त मानांची, म्हणजे माहीत नसलेल्या किमतींची, नावं आहेत. मानांची, वस्तूंची नव्हेत! आणि हे ११५०चं आहे. चाळीसगावजवळ पाटणला जो शिलालेख आहे, त्यात त्यांचा नातू चांगदेव यानं भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढल्याची नोंद आहे. आपल्या दारातली गोष्ट आहे ही. शाळेच्या सहली पाटणादेवीला जातात, धबधबा बघून परत येतात. शिलालेखाचं नाव तरी मुलांच्या कानावर पडू द्या.

त्यांची मांडणी बघा. ३क्ष² + ५ = २क्ष हे ते असं लिहितील:

याव ३ या ० रू ५
याव ० या २ रू ०

याव म्हणजे अव्यक्ताचा वर्ग, या म्हणजे अव्यक्त, रू म्हणजे सुटी संख्या. जे पद नाही त्याच्या जागी शून्य, आणि सजातीय पदं बरोबर एकाखाली एक.

चिठ्ठी आली आहे, वेळ संपत आलाय. तर मूळ विषय भराभर सांगतो.

ही मांडणी ओळखीची वाटते ना? एककाखाली एकक, दशकाखाली दशक! ३२५ म्हणजे ३क्ष² + २क्ष + ५, जिथे क्ष १० आहे. नववीच्या पुस्तकात बहुपदीचं सहगुणक रूप आहे, (३, २, ५), ते हेच. क्ष⁴ − १ या रूपात लिहिताना मुलं मधली तीन शून्यं विसरतात. त्यांना विचारा, १०००५ मधली शून्यं गाळशील का?

फरक एकच. बहुपदीत हातचा नाही. ७क्ष + ५क्ष = १२क्ष, तिथेच थांबायचं. क्ष १० आहे असं कळलं तरच त्यातले दहा पुढच्या घरात जातील, आणि क्ष किती ते आपल्याला माहीत नाही. गुणाकारही तसाच: (२क्ष + ३)(क्ष + २) = २क्ष² + ७क्ष + ६, आणि २३ × १२ = २७६. २, ७, ६ तेच आकडे.

शेवटचं. ११चा वर्ग १२१, घन १३३१, चौथा घात १४६४१. हे क्ष + १ च्या घातांचे सहगुणक आहेत. पाचवा घात मात्र १६१०५१. मुलं म्हणतील, बिघडलं! बिघडलेलं नाही. सहगुणक १, ५, १०, १०, ५, १ आहेत. दोन्ही दहांनी हातचा पुढे ढकलला. उद्या वर्गात हे मुलांकडूनच शोधून घ्या, आणि मग १२चा घन १७२८ कसा येतो ते (क्ष + २)³ वरून काढायला सांगा. तिथे हातचा एकदाच येतो, कुठे येतो ते त्यांनाच सापडू द्या.