शेत बाई कसते, सातबारा मात्र गेलेल्याच्या नावावर

श्रोतेहो, नमस्कार.

पाऊस उघडला की आपल्या नागपूर जिल्ह्यात गावोगाव एकच विचारणा सुरू होते. पंचनामा झाला का? यादीत नाव आलं का? आज पीक नुकसानीच्या सरकारी मदतीच्या त्या यादीबद्दलच बोलायचं आहे.

आधी पैशांचं. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांप्रमाणे 33 टक्के किंवा त्याहून जास्त नुकसान असेल, तर कोरडवाहू पिकाला हेक्टरी 8,500 रुपये, ओलिताला 17,000 आणि संत्र्यासारख्या बहुवार्षिक पिकाला 22,500 मिळतात. तेही दोन हेक्टरपर्यंत. राज्य सरकार कधी त्यात भर घालतं. 2025 च्या ऑक्टोबरात मर्यादा तीन हेक्टर झाली, रब्बीसाठी हेक्टरी आणखी 10,000 जाहीर झाले. पण मूळ दर एकरात मांडून बघा. कोरडवाहू सोयाबीनला एकरी 3,400. एवढ्यात बियाणं आणि पहिलं खत कसंबसं निघतं. डवरणी, निंदण, फवारणी, सगळं शेतकऱ्याच्या अंगावर.

काटोल, नरखेडकडच्या संत्रा बागांचं दुखणं आणखी वेगळं. सततच्या पावसानं बुडाशी पाणी साचतं, मुळं सडतात आणि आंबिया बहाराची फळं गळायला लागतात. ही गळ एका दिवसात होत नाही. पंचनाम्याच्या दिवशी झाडाखाली थोडीच फळं दिसतात, पंधरा दिवसांनी अर्धी बाग रिकामी असते. झाडच वाळलं तर नवं झाड फळावर यायला पाच-सहा वर्षं लागतात. म्हणून बागायतदारांनो, कर्मचारी येऊन गेल्यावरही गळ थांबली नसेल, तर फोटो काढा, तहसील कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच मागून घ्या.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती सातबाऱ्यावर नाव नसलेल्यांची. नवरा जातो, वारसाचा फेरफार राहून जातो, शेत बाई कसत राहते. पुढं पीक वाहून गेलं की मदत मंजूर होते ती गेलेल्या माणसाच्या नावानं. मग केवायसीला अंगठा कुणी द्यायचा? ताईंनो, सासरे, दीर काय म्हणतील याची वाट बघत बसू नका. मृत्यूचा दाखला घेऊन तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज करा. नोटिशीचे पंधरा दिवस जातात, मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. 2025 मध्ये महसूल विभागानं ‘जिवंत सातबारा’ मोहीम यासाठीच काढली होती. खातं सामायिक असेल तर भावांची संमतीपत्रं आताच तयार ठेवा. यादी लागल्यावर भांडण निघालं की पैसा अडकलाच म्हणून समजा.

मक्त्यानं शेती करणाऱ्यांना तर सांगायला माझ्याकडे असा मार्गही नाही. पेरणी त्यांची, बुडालेलं पीक त्यांचं, मदत मात्र जमीनमालकाच्या खात्यात. हा उघड अन्याय आहे. मदत पिकासाठी असेल, तर ती पेरणाऱ्याला मिळाली पाहिजे, आणि ग्रामसभेनं तसा ठराव घेऊन वर पाठवला पाहिजे.

शेवटी बँकेचं. मदतीची रक्कम कर्जापोटी वळती करू नये, असं मदतीच्या शासन निर्णयांत लिहिलेलं असतं. त्या निर्णयाची प्रत काढून जवळ ठेवा. रक्कम कापली गेली असेल तर ती प्रत आणि पासबुक घेऊन बँकेत लेखी तक्रार द्या, एक प्रत तहसीलदारांना द्या.