विसाव्यापासून विसाव्यापर्यंत

श्रोतेहो, नमस्कार.

ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूहून तुकोबारायांची पालखी निघते, अष्टमीला आळंदीहून माउलींची. दोन्ही पालख्या आपल्या पुण्यात येतात. माउली भवानी पेठेत उतरतात, तुकोबाराय नाना पेठेत निवडुंग्या विठोबाच्या देवळात. पुढे हडपसरला वाटा वेगळ्या होतात. एक दिवे घाट चढून सासवडला जाते, दुसरी लोणी काळभोरकडे. पुणेकराला हे सांगायला नको. मला आज बोलायचंय ते वारीतल्या बोलण्याबद्दल.

रस्त्याच्या कडेला उभं राहून पाहिलं की वाटतं, वारकरी सारखं भजनच करत असतात. ते बरंचसं खरंही आहे. पहाटे काकडा, मग भूपाळ्या, वासुदेव, गौळणी, संध्याकाळी हरिपाठ. वाटेवरच्या अभंगांचा क्रम पिढ्यान् पिढ्या ठरलेला आहे. पण विसावा आला, वीणा थांबली, की माणसं बोलू लागतात. आणि काय बोलतात! शेजारी चालणाऱ्याचं नाव माहीत नसतं, ते विचारायची गरजही पडत नाही. सगळेच माउली. पहिला प्रश्न बहुतेक एकच असतो, "तुमच्याकडं पेरणी झाली का?" कारण वारी आणि पेरणी यांचे दिवस एकच. कुणी पेरून आलेलं असतं, कुणाचं बियाणं घरात पडून असतं आणि डोळे आभाळाकडे.

दिवे घाटाच्या अलीकडे परभणीकडच्या एक आजी माझ्या बाजूला चालत होत्या. डोक्यावर तुळस. थोरल्या लेकानं चूल वेगळी मांडली, हे त्यांनी पाऊसपाण्याइतक्याच सहजतेनं सांगितलं. "मला लई लागलं बघा. मग मी त्याला म्हणलं..." आणि पुढून वीणेकऱ्यांनी अभंग धरला. आजींनी वाक्य तिथंच सोडलं आणि गाऊ लागल्या.

त्या लेकाला काय म्हणाल्या असतील? पूर्ण घाटभर माझ्या मनात तेच. आमच्या घरी तेव्हा पेठेतला जुना वाडा पुनर्विकासाला द्यायचा की नाही, यावरून भावाभावांत बोलणं जवळजवळ बंद झालं होतं. तोंडानं अभंग चालू होता, टाळावर हात चालू होता, आणि आत मी दोन्ही दीरांशी बोलत होते, एकदा त्यांच्या बाजूनं, एकदा आमच्या. घरी, रात्री, अंथरुणावर हेच विचार भोवऱ्यासारखे जागच्या जागी फिरायचे. चालताना ते पुढे सरकत होते. मला वाटतं, याचं श्रेय पायांइतकंच त्या अर्धवट राहिलेल्या वाक्याला आहे. दुसऱ्याचं दुःख ऐकून घेतलं होतं आणि त्यावर लगेच काही बोलायची सोय उरली नव्हती. भजनानं माझं तोंड अडवलं नसतं, तर मी आजींना चार शब्द समजुतीचे सांगून मोकळी झाले असते.

वर पोचल्यावर आजी आपणहून म्हणाल्या, "चूल वेगळी झाली, पर वारीची शिदोरी दोघी सुना मिळून बांधत्यात." त्या लेकाला काय म्हणाल्या ते काही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

वारीत तक्रारीलाही जागा आहे बरं का. संध्याकाळी तळावर समाजआरतीला दिंड्या जमतात. टाळ-मृदंगांचा एकच गजर. चोपदार चोप उंच धरतात आणि तो सगळा गजर क्षणात थांबतो. फक्त ज्या दिंडीचं काही गाऱ्हाणं असेल, ती टाळ वाजवत राहते. चोपदार तिथं जातात, ऐकून घेतात, निवाडा होतो. हरवल्या-सापडल्याचं सांगतात, उद्या निघायची वेळ सांगतात आणि मग आरती. एवढ्या समुदायात एका दिंडीचं म्हणणं ऐकल्याशिवाय आरती होत नाही, हे मला फार मोठं वाटतं. आमच्या वाड्याच्या बैठकीतही आम्ही आधी सगळ्यात धाकट्या दिराला बोलू दिलं. वाद मिटला असं नाही. पण आता एकमेकांच्या घरी जाणं आहे.

यंदा पुण्याहून सासवडपर्यंत चालायचा तुमचा विचार असेल, तर एवढंच करा. दिंडीप्रमुखांना विचारून मागच्या रांगेत उभे राहा, रांग मोडू नका, मोबाइल पिशवीत ठेवा. अभंग येत नसला तर नुसतं विठ्ठल विठ्ठल म्हणा. आणि विसाव्याला शेजारच्या माउलींशी काय बोलावं सुचलं नाही, तर त्यांच्याकडच्या पावसाचं विचारा.

रामकृष्णहरी.